जुन्या संगणकांचे एम्युलेटर: अस्सल प्रत आणि बिघडलेली प्रत

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित पाठिंबा थांबवला. बहुतेकांच्या दृष्टीने ही संगणक बदलण्याची सूचना होती. डॉसच्या काळातील प्रोग्राम आजही वापरणाऱ्यांसाठी मात्र तिचा अर्थ अधिक गंभीर आहे. विंडोजच्या ६४ बिटांच्या आवृत्तीत डॉसचे प्रोग्राम मुळीच चालत नाहीत. ३२ बिटांच्या विंडोज १० मध्ये ते चालवण्याची सोय शिल्लक होती. २०२१ मध्ये आलेली विंडोज ११ केवळ ६४ बिटांची आहे. फॉक्सप्रो, डीबेस किंवा क्लिपर यांत बांधलेला जुना हिशेब नव्या संगणकावर उघडायचा असेल, तर एम्युलेटर हाच बहुधा जवळचा मार्ग उरतो.

ही गरज फक्त छंदिष्टांची नाही. सुरत जिल्ह्याच्या पलसाणा तालुक्यातील चलथाण हे गाव पाहा. तेथे सहकारी साखर कारखाना आहे, परिसरात कापडव्यवसाय आहे आणि सुरत-भुसावळ लोहमार्गामुळे खानदेशाशी जुनी ये-जा आहे. अशा गावातील एखाद्या पेढीला किंवा गोव्यातील एखाद्या पतसंस्थेला वीस-पंचवीस वर्षांपूर्वीची सभासदांची खातेवही, भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी किंवा उसाच्या वजनाचा तपशील पाहावा लागला, तर मूळ प्रोग्राम चालवल्याशिवाय गत्यंतर नसते. अशा वेळी घाईने महाजालावर शोध घेतला जातो, पहिल्या दिसलेल्या दुव्यावरून प्रत उतरवली जाते आणि ज्या संगणकावर आजचे व्यवहार चालतात, त्यावरच ती बसवली जाते. जुन्या नोंदींबरोबर चालू व्यवहारही धोक्यात येतो तो या टप्प्यावर. म्हणून एम्युलेटरची अस्सल प्रत कोणती, बिघडलेली कोणती आणि दोहोंतील फरक कसा पडताळावा, हे समजून घेणे आवश्यक आहे.

एम्युलेटर म्हणजे काय?

एका संगणकाने दुसऱ्या संगणकाचे वर्तन हुबेहूब वठवावे, यासाठी लिहिलेला प्रोग्राम म्हणजे एम्युलेटर. जुन्या यंत्राचा प्रोसेसर, स्मृती, पडदा, कळफलक आणि डिस्क यांचे काम तो आज्ञेगणिक करून दाखवतो. जुन्या प्रोग्रामला आपण मूळ यंत्रावरच चालत आहोत, असे वाटते.

एक यंत्र दुसऱ्या कोणत्याही यंत्राचे काम करू शकते, हा सिद्धान्त ॲलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्ये मांडला. व्यवहारात ही कल्पना आणली ती आयबीएमने. १९६४ मध्ये सिस्टीम/३६० ही संगणकमालिका जाहीर करताना ग्राहकांचे १४०१ आणि ७०७० या जुन्या यंत्रांवरील प्रोग्राम वाया जाऊ नयेत, म्हणून कंपनीने एम्युलेटरची सोय दिली. जुने काम टिकवून नवे यंत्र घेता यावे, हा हेतू तेव्हा जसा व्यापारी होता, तसाच आजही आहे. १९७५ मध्ये पॉल ॲलन यांनी हार्वर्ड विद्यापीठातील पीडीपी-१० या यंत्रावर इंटेल ८०८० प्रोसेसरची नक्कल उभी केली. तिच्या आधारे त्यांनी आणि बिल गेट्स यांनी अल्टेअर संगणकासाठी बेसिक ही भाषा तयार केली. मायक्रोसॉफ्टचे पहिले उत्पादन अशा रीतीने नकली यंत्रावर घडले.

भारतातही या विषयाला मोठी पार्श्वभूमी आहे. १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘क्लास’ या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पात निवडक शाळांना ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीचा बीबीसी मायक्रो हा संगणक मिळाला. सिंक्लेअरच्या स्पेक्ट्रम प्लसची परवानाप्राप्त आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने भारतात विकली. ही यंत्रे आज चालू स्थितीत क्वचित आढळतात. बीबीसी मायक्रोसाठी ‘बीब-एम’, स्पेक्ट्रमसाठी ‘फ्यूज’, डॉससाठी ‘डॉसबॉक्स’ आणि अमिगासाठी ‘विनयूएई’ हे एम्युलेटर मात्र विनामूल्य उपलब्ध आहेत.

अस्सलपणाचे तीन थर

‘ही प्रत अधिकृत आहे का?’ हा प्रश्न एकच वाटतो, पण त्यात तीन प्रश्न दडलेले असतात.

पहिला थर एम्युलेटरचा. डॉसबॉक्सची पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. तो मुक्तस्रोत परवान्याखाली दिला जातो. म्हणजे त्याची प्रत घेणे, देणे आणि तिच्यात बदल करणे कायदेशीर आहे. मुक्तस्रोत प्रोग्रामची प्रत दुसऱ्याकडून मिळाली म्हणून ती बेकायदेशीर ठरत नाही. परंतु ती अविकृत असेलच, असेही नाही. कायदेशीर प्रत आणि विश्वासार्ह प्रत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉसबॉक्ससाठी कोणी पैसे मागत असेल किंवा ‘क्रॅक’सह प्रत देऊ करत असेल, तर तेथेच थांबावे. विनामूल्य वस्तूचे कुलूप फोडण्याची गरज कोणालाही नसते.

दुसरा थर रॉमचा आणि कार्यप्रणालीचा. जुन्या यंत्रात कायमस्वरूपी कोरलेला मूळ प्रोग्राम म्हणजे रॉम. त्यावर निर्मात्याचा स्वामित्वहक्क असतो. काही निर्मात्यांनी या बाबतीत उदारता दाखवली. सिंक्लेअरचा संगणकव्यवसाय १९८६ मध्ये ॲमस्ट्रॅडने विकत घेतला. या कंपनीने ऑगस्ट १९९९ मध्ये स्पेक्ट्रमचे रॉम एम्युलेटरबरोबर वाटण्यास परवानगी दिली. मात्र हक्क स्वतःकडे राखले, हक्कसूचना बदलू नये आणि रॉमसाठी पैसे घेऊ नयेत, अशा अटीही घातल्या. अमिगाचे रॉम असे खुले नाहीत. क्लोआंटो ही कंपनी ‘अमिगा फॉरएव्हर’ या नावाने ते परवान्यासह विकते. ज्यांना विकत घ्यायचे नाहीत, त्यांच्यासाठी ‘एरॉस’ प्रकल्पाने पर्यायी रॉम स्वतंत्रपणे लिहिले आहे. डॉसच्या बाबतीत १९९४ मध्ये सुरू झालेला ‘फ्रीडॉस’ हा मुक्त पर्याय आहे. शिवाय मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये एमएस-डॉसच्या १.२५ आणि २.० या आवृत्त्यांचा, तर एप्रिल २०२४ मध्ये ४.०० या आवृत्तीचा स्रोत मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केला. डॉसबॉक्समध्ये डॉसचे काम करणारा भाग मुळातच अंतर्भूत असल्यामुळे वेगळी कार्यप्रणाली शोधत फिरावे लागत नाही.

तिसरा थर प्रत्यक्ष प्रोग्रामचा आणि त्यातील माहितीचा. एम्युलेटर मुक्त असला तरी त्यात चालणारा फॉक्सप्रो मुक्त होत नाही. संस्थेने तो त्या काळी विकत घेतला असेल, तर पावती, परवानापत्र आणि मूळ फ्लॉपी जपून ठेवाव्यात. संस्थेची माहिती ही तर संस्थेचीच मालमत्ता असते आणि तिची दुसरी प्रत जगात कोठेही मिळत नाही. खरी जोखीम या तिसऱ्या थरात आहे.

बिघाड किती प्रकारचा?

बिघडलेली प्रत म्हणजे विषाणू असलेली प्रत, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा आहे. बिघाड तीन प्रकारचा असतो.

पहिला प्रकार अपघाती. प्रत उतरवताना जोडणी तुटते, फ्लॉपीवर बुरशी चढते, डिस्कवरील एखादा भाग वाचता येत नाही. येथे कोणाचा हेतू वाईट नसतो. फाइल मात्र अपुरी राहते. कधी प्रोग्राम सुरूच होत नाही. कधी तो सुरू होतो आणि नेमक्या एका नोंदीपाशी अडतो. दुसरी शक्यता अधिक घातक, कारण चूक उशिरा लक्षात येते.

दुसरा प्रकार सदोष नकलेचा. रॉम किंवा डिस्क वाचून तिची फाइल बनवताना चूक झाली की जाणकार त्या प्रतीला ‘बॅड डंप’ म्हणतात. १९९७ मध्ये सुरू झालेल्या ‘मेम’ या एम्युलेटरने या दोषावर शिस्तबद्ध उपाय केला. प्रत्येक रॉमचा अपेक्षित अंकीय ठसा प्रोग्राममध्येच नोंदलेला असतो. दिलेली फाइल त्याच्याशी जुळली नाही, तर मेम तसे स्पष्ट सांगतो. ज्या रॉमची निर्दोष नक्कल अद्याप मिळालेली नाही, तिच्यावर तशी खूणही असते. जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्यांनी घालून दिलेला हा धडा कार्यालयांनीही घेण्यासारखा आहे.

तिसरा प्रकार हेतुपुरस्सर केलेल्या विकृतीचा. यात मूळ प्रोग्राम व्यवस्थित चालतो आणि त्यामुळेच संशय येत नाही. जानेवारी २०१४ मध्ये अव्हास्ट या कंपनीने ‘फाइलझिला’च्या बनावट प्रती उघडकीस आणल्या. त्या दिसायला मूळ प्रतीसारख्या होत्या, काम नीट करत होत्या आणि वापरकर्त्याचा संकेतशब्द गुपचूप बाहेर पाठवत होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये ईसेट या कंपनीने ‘नॉक्सप्लेअर’ या अँड्रॉइड एम्युलेटरच्या अद्ययावतीकरणाच्या यंत्रणेतून घातक प्रोग्राम पाठवले गेल्याचे जाहीर केले. ईसेटची सुरक्षाप्रणाली वापरणाऱ्यांपैकी एक लाखाहून अधिक जणांकडे हा एम्युलेटर होता. घातक प्रत मात्र निवडक पाच जणांनाच पाठवली गेल्याचे आढळले. इतरांच्या संगणकाला काही झाले नाही, म्हणून आपली प्रत निर्दोष आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही, हे या घटनेने दाखवले.

याखेरीज एक मधला प्रकारही आहे. प्रत मूळचीच असते, पण तिच्याभोवतीच्या स्थापना-प्रोग्राममध्ये जाहिरातींचे नको असलेले प्रोग्राम गुंडाळलेले असतात. डॉसबॉक्ससह असंख्य मुक्तस्रोत प्रकल्पांच्या प्रती ज्या ‘सोर्सफोर्ज’वर ठेवल्या जातात, तेथे २०१३ पासून काही प्रकल्पांच्या बाबतीत असे घडत होते. मे २०१५ मध्ये ‘गिंप’ या चित्रप्रोग्रामच्या विंडोज आवृत्तीवरून मोठा वाद झाला. २०१६ मध्ये मालकी बदलल्यावर ही पद्धत बंद करण्यात आली. त्यामुळे ठिकाण प्रतिष्ठित असले, तरी प्रत पडताळण्याचे कष्ट वाचत नाहीत.

पडताळणी कशी करावी?

पहिली पायरी उगमाची. शोधयंत्रातील ‘जाहिरात’ असे चिन्ह असलेला दुवा टाळावा. एम्युलेटरच्या प्रकल्पाचे स्वतःचे संकेतस्थळ शोधावे आणि ते ज्या ठिकाणाकडे बोट दाखवते, तेथूनच प्रत घ्यावी. लिनक्स वापरत असाल, तर त्या वितरणाच्या अधिकृत भांडारातून घेतलेली प्रत आपोआप पडताळली जाते. आवृत्तीचा क्रमांकही पाहावा. मूळ डॉसबॉक्सची ०.७४-३ ही आवृत्ती २०१९ मध्ये आली. त्याच प्रकल्पाच्या नावाने कोणी भलताच मोठा क्रमांक मिरवत असेल, तर शंका घ्यावी. ‘डॉसबॉक्स-एक्स’ आणि ‘डॉसबॉक्स स्टेजिंग’ हे त्याच मुळापासून निघालेले, पण वेगळे आणि वैध प्रकल्प आहेत. त्यांचे क्रमांक वेगळे असतात.

दुसरी पायरी ठशाची. फाइलमधील प्रत्येक बिट हिशेबात घेऊन काढलेली ठराविक लांबीची संख्या म्हणजे हॅश. फाइलमध्ये एक अक्षर जरी बदलले, तरी हा ठसा पूर्णपणे बदलतो. एसएचए-२५६ या पद्धतीचा ठसा ६४ चिन्हांचा असतो. विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ आणि लिनक्समध्ये ‘शा-२५६-सम’ ही साधने तो काढून देतात. वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही. प्रकल्पाने प्रसिद्ध केलेला ठसा आणि आपण काढलेला ठसा अक्षरशः जुळला पाहिजे. एमडी-५ आणि एसएचए-१ या जुन्या पद्धती अपघाती बिघाड ओळखण्यास पुरेशा आहेत. परंतु एकच ठसा असलेल्या दोन भिन्न फाइली बनवता येतात, हे पहिलीबाबत २००४ मध्ये आणि दुसरीबाबत २०१७ मध्ये सिद्ध झाले. त्यामुळे हेतुपुरस्सर केलेल्या फसवणुकीविरुद्ध त्यांच्यावर विसंबू नये.

तिसरी पायरी डिजिटल स्वाक्षरीची. फाइल आणि ठसा एकाच ठिकाणी ठेवले असतील, तर तेथे घुसलेला चोर दोन्ही बदलू शकतो. २० फेब्रुवारी २०१६ रोजी ‘लिनक्स मिंट’च्या संकेतस्थळावर हल्ला झाला. तेथील दुवा बदलून लोकांना छुपे दार ठेवलेली प्रत देण्यात आली. बनावट प्रतीशी जुळणारा ठसाही आपण तेथे ठेवल्याचे हल्लेखोराने नंतर सांगितले. निर्मात्याची गुप्त किल्ली मात्र संकेतस्थळावर नसते, म्हणून तिने केलेली स्वाक्षरी बनावट करणे फार कठीण असते.

तरीही स्वाक्षरी म्हणजे अंतिम हमी नव्हे. ऑगस्ट-सप्टेंबर २०१७ मध्ये ‘सीक्लीनर’ची अधिकृत, स्वाक्षरी असलेली प्रतच दूषित निघाली; ती सुमारे २२.७ लाख संगणकांवर पोहोचली होती. यातून व्यवहाराचा नियम असा निघतो: प्रत कितीही पडताळलेली असली, तरी ती प्रथम महत्त्वाच्या संगणकावर चालवू नये.

आतला धोका, बाहेरचा धोका

एक फरक नीट ध्यानात घ्यावा लागतो. जुन्या फ्लॉपीवर जुना विषाणू असू शकतो. १९८६ मध्ये लाहोरमध्ये तयार झालेला ‘ब्रेन’ हा आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला विषाणू फ्लॉपींमधूनच फिरला. असा विषाणू एम्युलेटरमध्ये जागा झाला, तर त्याचा संचार बहुधा त्या नकली यंत्रापुरता राहतो. त्याच्या हाती बाहेरचे जे लागते, ते आपणच दिलेले असते. डॉसबॉक्समध्ये संपूर्ण ‘सी’ डिस्क जोडली, तर आतला प्रोग्राम तिच्यावरील फाइली पुसू शकतो. म्हणून एक वेगळा फोल्डर करावा, त्यात माहितीची प्रत ठेवावी आणि तेवढाच जोडावा.

एम्युलेटरच दूषित असेल, तर स्थिती उलट होते. तो आजच्या विंडोजचा प्रोग्राम असतो, वापरकर्त्याचे सर्व अधिकार त्याला मिळतात आणि बँकेच्या व्यवहारापासून ईमेलपर्यंत सारे त्याच्या आवाक्यात येते. फ्लॉपीवरील जुन्या प्रोग्रामची काळजी घेणारे लोक एम्युलेटर मात्र डोळे मिटून बसवतात. खरी सावधगिरी तेथे हवी.

मराठी मजकुराची अडचण

मराठी नोंदींच्या बाबतीत आणखी एक गुंतागुंत आहे. डॉसच्या पडद्यावर देवनागरी दिसावी, यासाठी ‘जिस्ट’ हे तंत्र वापरले जाई. त्याचा पाया कानपूरच्या आयआयटीत घातला गेला आणि १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकने ते पुढे नेले. संगणकात एक वेगळे कार्ड बसवावे लागे आणि अक्षरे ‘इस्की’ या भारतीय संकेतप्रणालीत साठवली जात. १९९१ मध्ये ती भारतीय मानक ठरली. सर्वसामान्य एम्युलेटरमध्ये हे कार्ड नसते. त्यामुळे प्रोग्राम व्यवस्थित सुरू होतो, पण नावांच्या जागी अगम्य चिन्हांची रांग दिसते.

असे दिसले की अनेकांना फाइल बिघडली असे वाटते आणि ‘दुरुस्ती’ करणाऱ्या संशयास्पद प्रोग्रामचा शोध सुरू होतो. वस्तुतः फाइल शाबूत असते. वाचण्याचा संकेत तेवढा हरवलेला असतो. इस्कीतील मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो. विंडोजच्या काळात आलेल्या निरनिराळ्या फाँटमधील मजकुराचेही तसेच आहे. प्रत्येक फाँटची अक्षररचना वेगळी असल्याने कोणता फाँट वापरला होता, याची नोंद मूळ फाइलइतकीच मोलाची ठरते.

कायदा काय सांगतो?

भारतीय स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार संगणक-प्रोग्राम ही साहित्यकृती मानली जाते. कलम ५२ प्रमाणे प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्यास ज्या कामासाठी ती मिळाली त्या कामापुरती, तसेच हानीपासून तात्पुरत्या संरक्षणासाठी प्रत करता येते. प्रोग्रामचे कार्य निरखून त्यामागील तत्त्वे जाणून घेण्यासही तेच कलम मुभा देते. अमेरिकेत २००० मध्ये सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात अपील न्यायालयाने एम्युलेटर बनवण्यासाठी मूळ रॉमचा अभ्यास करणे न्याय्य वापरात बसते, असा निर्वाळा दिला.

उलटपक्षी, बेकायदेशीर प्रत आहे हे ठाऊक असूनही ती संगणकावर वापरल्यास कलम ६३-ब नुसार किमान सात दिवस ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर व्यापारी लाभासाठी नसेल, तर न्यायालयाला शिक्षा सौम्य करण्याचा अधिकार आहे. निर्मात्याने विक्री थांबवलेल्या प्रोग्रामला ‘अबँडनवेअर’ म्हणण्याचा प्रघात पडला असला, तरी कायद्यात असा वर्ग नाही. विक्री थांबली म्हणून हक्क संपत नाही.

कार्यालयांसाठी योग्य क्रम

जुनी माहिती उघडण्याची वेळ येण्यापूर्वीच पुढील क्रम अवलंबावा. प्रथम फ्लॉपीची लेखनबंदीची खिडकी उघडी करून तिची संपूर्ण प्रतिमा घ्यावी आणि त्या प्रतिमेचा ठसा कागदावर लिहून ठेवावा. मूळ फ्लॉपी त्यानंतर बाजूला ठेवावी. पुढचे सर्व काम प्रतीवर करावे. नुसत्या नोंदी वाचायच्या असतील, तर एम्युलेटरची गरजही पडत नाही, कारण डीबेस पद्धतीच्या साध्या फाइली लिबरऑफिस या मुक्त प्रोग्राममध्ये उघडतात. प्रोग्राम चालवणे अपरिहार्य असेल, तेव्हा पडताळलेला एम्युलेटर महाजालाशी न जोडलेल्या वेगळ्या संगणकावर बसवावा. मूळ डॉसबॉक्स खेळांसाठी घडवला गेला आणि त्यात छपाईची सोय नाही. छपाई हवी असल्यास डॉसबॉक्स-एक्सचा विचार करावा. दोन-तीन ज्ञात खात्यांच्या बेरजा जुन्या छापील ताळेबंदाशी जुळल्यावरच पुढे जावे. शेवटी सर्व माहिती युनिकोडमधील साध्या तक्त्यात उतरवून घ्यावी, म्हणजे पुढल्या वेळी एम्युलेटर लागणार नाही.

संशयास्पद प्रत बसवली गेलीच, तर संगणक तत्काळ महाजालापासून तोडावा आणि बँकेचे संकेतशब्द दुसऱ्या संगणकावरून बदलावेत. केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राची शोधसाधने विनामूल्य मिळतात. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी.